खालून वर झाडणाऱ्या बाई

जिना वरून खाली झाडायचा असतो, असं जगात सगळीकडे मानलं जातं. मी हल्ली साताऱ्यात राहतो. आमच्या इमारतीतही तसंच झाडतात, आणि ते बघताना मला दर वेळी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. कारण त्याआधी बरीच वर्षं मी कुपवाडला नोकरीत होतो, तिथं एका घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, आणि त्या घराच्या मालकीणबाई जिना खालून वर झाडायच्या.

रोज सकाळी. पहिल्या पायरीवरचा कचरा दुसरीवर, दुसरीवरचा तिसरीवर, असं करत सगळा ढीग माझ्या दारात यायचा. मी दाढीचा फेस तोंडाला लावून दार उघडावं, तर समोर बाई केरसुणी खांद्याला टेकवून पहाऱ्यावरच्या शिपायासारख्या उभ्या.

"आला का कफ घशापाशी?"

"आला, बाई."

"मग बघतोस काय? एक तर थुंक, नाहीतर गीळ."

थुंकणं म्हणजे सुपलीत भरून बाहेरच्या डब्यात टाकणं. गिळणं म्हणजे काय, ते मी कधी विचारलं नाही.

बाई ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मी राहायला गेलो तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे पगार थांबला होता. शिकवणं चालूच होतं. आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांचं अस्तर असतं, ते केस रात्रंदिवस वरच्या दिशेनं हलत असतात, आणि चिकट कफात अडकलेली धूळ नि जंतू ढकलत ढकलत घशापाशी आणून सोडतात, हे त्यांनी कधीतरी शिकवणीच्या पोरांना याच जिन्यावर करून दाखवलं होतं. पोरं पास होऊन निघून गेली. झाडण्याची दिशा तीच राहिली. गल्लीतल्या बायका हसायच्या, तर बाई म्हणायच्या, "हसा. तुमच्या छातीत आत्ता ह्या क्षणाला असंच झाडणं चाललंय. ते थांबलं की मग रडा."

घरही असंच. मधून जिना, उजवीकडे तीन खोल्या, डावीकडे दोन. बांधताना गवंड्यानं म्हणे हात जोडले होते, की बाई, दोन्ही बाजू सारख्या घ्या, वास्तूला बरं पडतं. बाईंनी त्याच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं की तुझ्याही उजव्या फुप्फुसाला तीन भाग आहेत आणि डाव्याला दोनच, कारण तिथं काळजाला जागा सोडायची असते. तुझी वास्तू आजवर पडली का? गवंड्यानं मुकाट्यानं वीट उचलली. डावीकडे जी जागा उरली तिथं बाईंनी देव न ठेवता टीव्ही ठेवला. काळजासारखाच तो सतत चालू असायचा आणि कुणी ऐकत नसायचं.

बाई मूळच्या म्हसवडकडच्या. घर मेंढक्यांचं. वडील आणि थोरला भाऊ कळप घेऊन वर्षातले कित्येक महिने मुलूखभर हिंडायचे. त्या घरातून ही मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहून शिकली, नंतर कोल्हापूरला गेली, आणि सांगलीत मास्तरीण झाली. मध्ये किती जणांनी "नको" म्हटलं असेल, त्याचा हिशेब त्या ठेवत नसत. "नको म्हणणाऱ्याला मी फक्त का म्हणून विचारते," एवढंच सांगायच्या. "निम्मे तिथंच गळतात." कॉलेजात प्राचार्यांनी सुचवलं होतं की मुलं-मुली एकत्र बसतात, तेव्हा प्रजननाचा धडा घरी वाचायला सांगावा. बाईंनी त्या वर्षी शिकवायला सुरुवातच त्या धड्यापासून केली. बोलण्याच्याही दोन तऱ्हा होत्या. शिकवताना पुस्तकी मराठी; आनंद झाला किंवा राग आला की माणदेश.

भाडेकरूंना नावं ठेवण्यात त्यांना विशेष गोडी होती. मला त्या भक्षकपेशी म्हणायच्या. मला वाटलं, माझ्या खाण्यावरून. खाण्यावरूनच होतं, पण पुढं शास्त्र होतं. फुप्फुसातल्या हवेच्या प्रत्येक बारीक फुग्यात म्हणे अशी एक पेशी कायमची राहायला असते. येईल ती धूळ, येईल तो जंतू मुकाट गिळते. झेपेनासं झालं की मग आरडाओरडा करून बाकीच्यांना बोलावते. "तुझ्यासारखीच," बाई म्हणाल्या. "बिनबोभाट हादडायचं, आणि पाल दिसली की गल्ली गोळा करायची."

गल्ली गोळा झाली की सगळ्यात आधी धावायचे ते खालच्या खोलीतले, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. त्यांना बाईंनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं नाव दिलं होतं, न्यूट्रोफिल. हवालदारांना ते एखाद्या पदकासारखं वाटायचं. हाक आली की ते काठी घेऊन सुटत. कोण, कुठं, कशासाठी, हे विचारायला थांबत नसत. एकदा संध्याकाळी वीज गेलेली, मागच्या दारानं कुणीतरी आत आलं, मी वरून ओरडलो, आणि पुढची पाच मिनिटं अंगणात नुसता धडधडाट. दिवे आले तेव्हा बाईंच्या कुंड्या फुटलेल्या, तुळस आडवी, मोरीचा नळ वाकडा, आणि कोपऱ्यात गॅसचं पुस्तक छातीशी धरून सिलिंडरवाला उभा. त्याला ओरखडाही नव्हता.

बाईंनी आधी सिलिंडरवाल्याला पाणी दिलं. मग सगळ्यांना बसवून धडा घेतला. न्यूमोनियात माणूस जंतूमुळे आजारी पडतोच, पण फुप्फुसात जो चिखल साचतो त्यातला मोठा वाटा आपल्याच धावून आलेल्या आणि लढून मेलेल्या पेशींचा असतो. त्या आल्या नाहीत तर जंतू जिंकतो. आल्या आणि परत गेल्याच नाहीत, तर हवेला जागा राहत नाही. "भांडायला येणं सोपं," बाई हवालदारांकडे बघून म्हणाल्या, "घरी जाणं अवघड. अंगाला दोन्ही यावं लागतं."

हवालदार म्हणाले, "ऑर्डर मिळाल्याशिवाय माघार नाही."

"तेच तर म्हणतेय मी. ऑर्डर द्यायला कोणीतरी हवं."

करोनाची साथ ओसरल्यावर आमच्याकडे प्रतिकारशक्ती विकणाऱ्यांचं पीक आलं. पावडरी, गोळ्या, काढे, तांब्याचे गडवे. बाईंना त्या शब्दाचाच संताप यायचा. "वाढवा म्हंत्यात. ऊस हाय का ती, युरिया टाकला की वाढली?" लस मात्र त्या न चुकता घेत, आणि आम्हा सगळ्यांना दंडाला धरून नेत. लस म्हणजे वाढवणं नव्हे, लस म्हणजे ओळख करून देणं, असं त्यांचं म्हणणं. न ओळखता धावणाऱ्याचा नमुना घरात असल्यामुळे आम्हाला ते पटकन कळायचं.

एका रविवारी समाजमंदिरात एक सुटाबुटातला तरुण आला. पडद्यावर चित्रं, टेबलावर डबे, प्रत्येकाला एकेक पेढा. तो सांगत होता की शक्ती दुप्पट करा, तिप्पट करा. बाई पहिल्या रांगेत बसून पेढा खाऊन झाल्यावर उभ्या राहिल्या. मी खुर्ची जरा मागं सरकवली.

त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, की माझ्या मावसबहिणीची प्रतिकारशक्ती इतकी तगडी आहे की ती तिचेच सांधे खाते, तर तिची तिप्पट करू का? आणि समोरच्या गल्लीत एक दमेकरी आहे, त्याची छाती साध्या परागकणाला दरोडेखोर समजून दारंखिडक्या लावून घेते. त्याला किती चमचे?

तरुण हसून म्हणाला, "मॅडम, शक्ती जास्त असली तर बिघडलं कुठं?"

"बाहेर लाल मोटरसायकल तुझीच ना?"

"हो."

"तिचा ब्रेक काढून ठेव आणि इथनं मिरजेपर्यंत जाऊन दाखव. आलास परत तर सगळे डबे मी घेते."

सभा तिथंच मोडली. पेढे मात्र चांगले होते. बाईंनी जाताना आणखी दोन उचलले.

खोकल्याचं औषध आणलेलं त्यांना खपायचं नाही. कोरडा खोकला, ओला खोकला, सवयीचा खोकला, लक्ष वेधून घेण्याचा खोकला, सगळे त्या भिंतीआडून ओळखायच्या. ओल्या खोकल्याचं तोंड बांधलं तर आतला कचरा जाणार कुठं, असा सवाल. तापालाही त्या आपला माणूस म्हणत. पण एक अट घातलेली होती: दम लागला की सगळं तत्त्वज्ञान गुंडाळायचं आणि डॉक्टरकडं जायचं. "छाती भात्यागत हलाय लागली की माझं बी ऐकू नका."

ही अट त्यांनी स्वतः पाळली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांना सर्दी झाली, मग ताप. पहिले काही दिवस बाई जवळजवळ खूश होत्या. अंगावर शाल घेऊन बसायच्या आणि आत काय चाललं असेल त्याचं धावतं वर्णन करायच्या. मग ताप उतरला, आम्हाला हायसं वाटलं, आणि दोनच दिवसांनी तो थंडी घेऊन परत आला. मी विचारलं तर म्हणाल्या, चाललंय त्यांचं. मी सकाळी चहा घेऊन खाली गेलो. बाईंना एरवी चहाबद्दल बोलायचं तर आसामपासून सुरुवात असायची. त्या दिवशी म्हणाल्या, "साखर." मग श्वास घेतला. मग म्हणाल्या, "कमी आहे."

जी बाई पूर्णविरामाशिवाय तासभर बोलते, तिला दोन शब्दांमध्ये थांबावं लागतंय, हे माझ्या कानाला एखादी भिंत पडल्यासारखं लागलं. मी अटीची आठवण करून दिली. त्यांनी हात झटकला. मग मी हवालदारांना हाक मारली. या वेळी काहीही न फोडता त्यांनी बाईंना खुर्चीसकट उचललं आणि रिक्षात ठेवलं. बाई मिरजेपर्यंत आम्हा दोघांकडे अतिशय रागानं बघत होत्या. बोलता येत नव्हतं, एवढाच आम्हाला फायदा.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. उजवीकडं खाली पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. ऑक्सिजनचा मास्क लावला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, तरी पुढच्या दोन दिवसांत तो पांढरेपणा पसरत डावीकडंही आला. डॉक्टर तरुण होत्या, कडेगावकडच्या, बोलायला सरळ. त्यांनी मला सांगितलं की औषध जंतूंवर काम करतंय, ते रक्ताच्या तपासणीत दिसतंय. पण फुप्फुसाची सूज आवरत नाहीये. बाईंचं शरीर अजून पूर्ण जोरानं लढतंय आणि त्यातच ऑक्सिजन खाली चाललाय. स्टेरॉइड देऊन ती लढाई थोडी दाबावी लागेल. नाहीतर व्हेंटिलेटर, आणि या वयात त्याची खात्री देता येत नाही. मात्र जवळच्या नातेवाइकाशी बोलायला हवं.

जवळचा नातेवाईक म्हणजे थोरला भाऊ. तो त्याच दुपारी म्हसवडहून आला. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, सत्तरीच्या पुढचा, पण पाठ ताठ. बहिणीला काचेतून पाहिलं, पटका काढला, परत बांधला. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांचं सगळं बोलणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई. ते औषध द्यायचं न्हाई."

डॉक्टरांनी कारण विचारलं. गावात साथीच्या वेळी एकाला तेच दिलं होतं, नंतर काळी बुरशी झाली, डोळा काढावा लागला. तो माणूस रोज त्याच्या समोर बसतो. डॉक्टर म्हणाल्या, ती भीती खरी आहे, म्हणूनच मोजून देणार, थोडे दिवस देणार, साखर तपासत राहणार. म्हातारा ऐकत होता, पण त्याच्या मनात दुसरंच काही होतं, आणि शेवटी ते बाहेर आलं.

"आवं डाक्टरीणबाई, लांडगा वाघरात शिरलाय. आन तुमी म्हंताय कुत्री बांधा?"

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायला चहूबाजूंनी लावतात ती जाळी. मला हा प्रश्न बिनतोड वाटला.

तेवढ्यात आतून ठणाणा आवाज यायला लागला. बाई पाण्याचं स्टीलचं भांडं पलंगाच्या गजावर आपटत होत्या. नर्स धावली. आम्ही सगळे आत गेलो. बाईंनी मास्क एका हातानं वर केला.

"छाती माझी," त्या म्हणाल्या. श्वास. "चर्चा बाहेर का?"

डॉक्टर मनापासून ओशाळल्या. पलंगापाशी बसून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी बाईंच्या डोळ्यांत बघून. बाईंनी फोटो मागून घेतला, उजेडासमोर धरला, बघितला आणि होकारार्थी मान हलवली. भाऊ पुढं सरला. "तायडे, ऐक माझं. तुझ्या अंगातली ताकद हाय तीच मारत्याली ह्ये."

बाईंनी परत मास्क वर केला. नर्सनं तो तोंडावरच ठेवायला सांगितलं, बाईंनी तिचा हात बाजूला केला.

"दादा. खटावचा माळ. लांडगा. आठवतंय?"

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला.

"किती नेली... त्यानं?"

"येक."

"मेली किती?"

त्यानं पटका काढून हातात घेतला. बाई थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "कुत्री... आत... कुणी सोडली?"

"म्या," भाऊ म्हणाला. आणि मग, मला माहीत नाही म्हणून, तो माझ्याकडं वळून सांगू लागला. बाई तेव्हा सुट्टीत कळपाबरोबर होत्या. तिन्हीसांजेला लांडगा जाळीवरून आत आला. हा विशीतला गडी. घाबरून त्यानं बाहेर राखणीला असलेली कुत्री जाळीच्या आत सोडली. लांडगा कोकरू उचलून कवाच गेला. कुत्री मात्र भुंकत आतच फिरत राहिली. भ्यालेली मेंढरं एका कोपऱ्यात पळाली, मागची पुढच्यांवर चढली, आणि खालची दडपून गुदमरली. लांडग्याचा दातसुद्धा लागला नव्हता त्यांना. सकाळी वडील आणि ही एवढीशी पोर एकेक ओढून बाहेर काढत होते.

"कुत्री चांगलीच व्हती," तो म्हणाला. "ती तिचं काम करत व्हती. आवरायचं म्या व्हतं."

बाईंनी मास्क खाली घेतला होता आणि डोळे मिटले होते, पण बोट उचललं होतं, वर्गात उत्तर बरोबर आलं की उचलायच्या तसं.

म्हाताऱ्यानं डॉक्टरांना विचारलं, "मग लांडग्याचं काय?"

"त्याला अँटिबायोटिक चालूच आहे, बाबा. ते थांबवणार नाही."

"दोनी करा मग," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून खाली बसला.

पुढचे दिवस मी वर्णन करणार नाही. डॉक्टरांनी वचन दिलं नव्हतं आणि आम्ही मागितलं नाही. आधी ऑक्सिजनचा घसरणारा आकडा घसरायचा थांबला. मग तो जागच्या जागी राहिला, आणि आम्ही तेवढ्यावर चहा प्यायलो. मग एके सकाळी बाई नर्सला म्हणाल्या की ह्या दवाखान्यातला उपमा हा उपमा नसून शिक्षा आहे. हे वाक्य त्यांनी एका दमात पूर्ण केलं. हवालदारांनी ते ऐकून बाहेर येऊन सलाम ठोकला, कुणाला ते कळलं नाही.

धोका टळला होता, पण बाई उठेनात. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज यायची, विनवण्या करायची, चार पावलं टाका, छाती मोकळी होईल. बाई भिंतीकडं तोंड करायच्या. जन्मभर दुसऱ्यांना उभं करणाऱ्या बाईला स्वतःचे पाय थरथरताना कुणी बघितलेलं नको होतं. डॉक्टर रागावल्या, भाऊ रागावला, मी सुट्टी संपत आल्याचं सांगून रडवेला झालो. उपयोग शून्य.

त्या दुपारी दाराबाहेर बाकावर एक नवं कुटुंब बसलं होतं. त्यांच्या आजोबांना छातीच्याच आजारानं आणलं होतं, आणि सगळे भेदरले होते. आमचा म्हातारा त्यांच्यात जाऊन बसला. एव्हाना तो त्या मजल्यावरचा जाणकार झाला होता. घोंगडं पसरून त्यानं खटावचा माळ उभा केला, कुत्री सोडली, मेंढरं दडपली. गोष्ट रंगली. मग त्या घरातल्या सुनेनं विचारलं, आमच्या आजोबांनाही तेच औषध द्यायला सांगू का?

"डोळं झाकून सांगा," म्हातारा म्हणाला. "छाती भरली की कुत्री बांधायची. दुसरं काय बी लागत न्हाई."

माझ्या मागं पलंग करकरला. मी वळलो तर बाईंनी चादर बाजूला टाकली होती. ऑक्सिजनची नळी एका हातात, दुसऱ्या हातानं सलाइनचा खांब धरून त्या उभ्या राहिल्या होत्या. गुडघे लटलट कापत होते. मी धरायला गेलो, तर खांब माझ्याच अंगावर आला. नळी पुरेल तिथवर, म्हणजे दाराच्या उंबऱ्यापर्यंत, त्या चालत गेल्या, आणि चौकटीला धरून म्हणाल्या, "लांडगा कुठं गेला, दादा? लांडगा मोकळा सोडून कुत्री बांधलीस व्हय? आणि त्यांच्या वाघरात लांडगाच शिरलाय का आणखी काही, ते तू बघून आलास?" मग त्या सुनेला म्हणाल्या, "त्यांच्या डॉक्टरला विचार, बाळ. ह्याला विचारू नको."

म्हातारा दचकून उठला. "तायडे, तू कशापायी उठलीस? पडशील की."

बाईंनी श्वास घेतला, पुरता घेतला, सोडला.

"तू चुकीचं शिकवाय लागलास," त्या म्हणाल्या, "आन म्या पडून राहू?"